आठ बाय चारची शीट आणि सतरा गणपती

आमच्या चाळीच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर प्लायची शीट अडकली. वर दादा, खाली मी आणि मधे हातगाडीवाला, ज्याचे खरं तर रे रोडवरून लालबागला आणून खाली उतरवायचेच पैसे ठरले होते, पण आमची तारांबळ बघून तो आपणहून हात लावायला आला होता. आठ फूट लांब, चार फूट रुंद. उभी केली की वरच्या कठड्याला लागते, आडवी केली की भिंतीला, तिरकी केली की दादाच्या डोक्याला. पंधरा मिनिटं असं झाल्यावर हातगाडीवाला म्हणाला, ताई, शीट घ्यायच्या आधी जिना मोजायचा असतो. मग परत खाली, मागच्या चौकात, तिथे दादाने करवतीने बरोबर मधोमध कापली आणि चार बाय चारचे दोन तुकडे शहाण्या मुलांसारखे वर गेले.

त्या एका कापात माझे तीन आठवडे गेले. तीन आठवडे मी रात्री जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडून एवढंच करत होते, मखराचे बावीस वेडेवाकडे तुकडे दोन आठ बाय चारच्या शीटवर कसे बसवायचे. बसवले होते. आणि आता शीट आठ बाय चारची राहिलीच नव्हती.

थोडं मागे जाते. दादा आधी थर्माकोलची मखरं करायचा, तापलेल्या तारेने कापून, अगदी सुंदर, लालबागच्या आसपास तशी करणारे खूप होते. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदीची अधिसूचना निघाली आणि त्याचा तो हंगामी धंदा बसला. बंदी चुकीची होती असं मी म्हणणार नाही, विसर्जनानंतर किनाऱ्यावर काय पडलेलं असायचं ते आम्हीही बघितलंय, पण दादाच्या हाताला एकदम काम नाही राहिलं हेही तितकंच खरं. मग दोन वर्षं पुठ्ठा. पुठ्ठा ऑगस्टच्या दमट हवेत मान टाकतो, पाचव्या दिवशी महिरप नमस्कार करायला लागते. म्हणून प्लाय. मी एका इंटिरियर डिझायनरच्या ऑफिसात ड्रॉइंगं काढते, ऑटोकॅड रोजचंच, त्यामुळे डिझाइन मी करायचं आणि कापायचं दादाने असं ठरलं. नऊ एमएम प्लाय, एकही स्क्रू नाही, सगळं खाचांनी एकमेकांत अडकणारं, दहा दिवसांनी सोडवून पलंगाखाली सपाट सरकवता येईल असं.

थर्माकोलच्या काळात वेस्टेज हा शब्द दादाच्या तोंडी नव्हता. तुकडा कमी पडला तर टूथपिक टोचून दुसरा जोडायचा. प्लायचं तसं नाही. मला शीट पडली स्क्वेअर फुटाला ५५ रुपयांनी, म्हणजे ३२ फुटांचे १७६० रुपये, आणि ती कापली की कापली. पुरीच्या कणकेसारखं नाही. आई वाटीने पुऱ्या पाडते तेव्हा मधे जे तुकडे उरतात ते गोळा करून परत लाटते, तरीसुद्धा ती वाटी ओळीखाली ओळ न ठेवता दोन पुऱ्यांच्या मधल्या खळीत ठेवते. हे मला मोठेपणी कळलं की त्यात हिशोब आहे, गोल सरळ ओळीत मांडले तर मोठ्या पोळीचा जास्तीत जास्त ७८.५ टक्के भाग वापरला जातो आणि खळीत मांडले तर ९०.७ टक्क्यांपर्यंत. आईने हे कधी मोजलेलं नाही, तिला फक्त परत परत लाटायचा कंटाळा आहे.

पण गोल सोपे. माझ्या मखरात महिरप आहे, मोर आहेत, नागमोडी खांब आहेत, कळस आहे, मागची जाळी आहे. सगळ्या तुकड्यांचं मिळून क्षेत्रफळ ४६ स्क्वेअर फूट. दोन शीट म्हणजे ६४ स्क्वेअर फूट. कागदावर बघितलं तर भरपूर जागा आहे, चिक्कार, पण लोकलच्या तिसऱ्या सीटवर बसलेल्याला जसं कायम वाटतं की सरकायला जागाच नाही आणि उभ्या असलेल्याला वाटतं आहे की जागा, तसं ते आहे. आधी मी हातानेच केलं. एकास दहा मापात पुठ्ठ्याचे तुकडे कापले, चोवीस सेंटिमीटर बाय बाराचा कागद घेतला आणि जमिनीवर बसून फिरवत बसले. दर वेळी एक मोर बाहेर राहायचा. महिरप फिरवली की मोर आत यायचा आणि कळस बाहेर.

मग सॉफ्टवेअर शोधायला लागले, आणि इथे पहिली अडचण अशी की मला शब्दच माहीत नव्हता. मी शोधत होते प्लायवूड कटिंग. त्यावर जे मिळतं ते सगळं कपाटवाल्यांसाठी. फळ्यांची मापं टाका, लांबी रुंदी नग, आणि ते चौकोन छान मांडून देतं. त्यातलं काही फुकट आहे आणि चांगलंही आहे, स्केचअप वापरत असाल तर ओपनकटलिस्ट नावाचं एक्स्टेंशन आहे, आमच्या ऑफिसात मॉड्युलर किचनला मी तेच वापरते. सुताराच्या टेबलसॉला काप या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळच द्यावा लागतो, मधे थांबून वळता येत नाही, त्यामुळे त्यांचं गणितही तसंच, सरळ कापांचं. मी माझी महिरप त्यात चौकोन म्हणून टाकली, चार फूट बाय साडेतीन, आणि त्याने ती खरोखर चौकोन म्हणून घेतली. महिरपीच्या पोटात एवढी मोठी कमान मोकळी, ती सगळी त्याच्या लेखी भरलेली. बावीस तुकड्यांना तीन शीट.

ऑफिसात एका व्हेंडरला सहज विचारलं, जो सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, जाळ्या कापून देतो, तो म्हणाला मॅडम नेस्टिंग म्हणा. ट्रू शेप नेस्टिंग, म्हणजे चौकोन न धरता तुकड्याचा खरा आकार धरून मांडणी. बस. हा शब्द मिळाल्यावर दार उघडलं, आणि दाराच्या आत किंमती लावून ठेवल्या होत्या.

मोठ्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं तर किंमतच लिहीत नाहीत, आमच्याशी बोला म्हणतात, म्हणजे आपल्यासाठी नाही हे समजून घ्यायचं. मधल्या पायरीवर व्हीकार्व्ह आहे, छोट्या सीएनसीवाल्यांत चांगलंच प्रसिद्ध. त्याची स्वस्तातली डेस्कटॉप आवृत्ती २५ बाय २५ इंचांपर्यंतच काम करू देते, माझी महिरप ४८ इंच. मोठी प्रो आवृत्ती घेतली तर खरा आकार बघून मांडणी करते, पण मी बघितलं तेव्हा ती सातशे डॉलरच्या घरात होती. साधारण साठ हजार रुपये. साठ हजारांत दादा चौतीस शीट आणेल. आणखी एकाचं ट्रायल घेतलं, नाव सांगत नाही, त्यात मांडणी करून दाखवली, इतकी देखणी मांडणी की मी नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली, आणि सेव्ह दाबल्यावर पैसे भरा. मग मी काय केलं तर स्क्रीनचा फोटो काढला आणि त्यावरून हाताने मांडायला बसले. दीड तास. जमलं नाही, कारण कोन अंदाजे लावले की शेवटचा तुकडा हमखास दुसऱ्याच्या अंगावर चढतो.

कोणी म्हणेल क्रॅक टाकायचा. एकेकाळी फूटपाथवर शंभर रुपयात सगळ्या जगाचं सॉफ्टवेअर मिळायचं ते मीही घेतलेलं आहे, शिकताना. आता नाही टाकला, आणि त्याचं श्रेय माझ्या सचोटीला देऊ नका, त्याच लॅपटॉपवर ऑफिसची कामं असतात आणि काही घुसलं तर नोकरी जाईल ही भीती.

शेवटी फुकटातलंच मिळालं. एसव्हीजीनेस्ट. ब्राउझरमध्ये चालतं, इन्स्टॉल काही नाही, सोर्स कोडसकट खुलं, जॅक च्याओ नावाच्या माणसाने लिहिलंय. त्याचंच पुढे कॉम्प्युटरवर टाकायचं भावंड म्हणजे डीपनेस्ट, तेही खुलं. दोन्ही मी वापरली. एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या चित्राची फाइल द्यायची, शीटचा चौकोन कुठला ते क्लिक करून सांगायचं आणि सुरू. आणि मग जे दिसतं ते बघण्यात माझी पहिली रात्र गेली, तुकडे उड्या मारतात, एक मांडणी येते, पुसली जाते, थोडी बरी येते, कोपऱ्यात टक्के वाढत जातात. ६१. ६५. ६६. आमचा लॅपटॉप म्हातारा, पंखा मिक्सरसारखा वाजत होता, नवरा म्हणाला चटणी वाटतेयस का.

हे आत काय करतं ते समजून घ्यायला मला वेळ लागला, पण एकदा कळल्यावर फार मजा वाटली म्हणून सांगतेच. दोन तुकडे एकमेकांना चिकटून पण एकमेकांवर न चढता कुठे कुठे बसू शकतात हे आधी काढून ठेवतात. कॅरमची एक सोंगटी पटावर धरून ठेवा आणि दुसरी तिला टेकवून तिच्याभोवती फिरवा. फिरणाऱ्या सोंगटीचा मध्यबिंदू एक गोल काढतो, सोंगटीच्या दुप्पट त्रिज्येचा. मध्य त्या गोलाच्या आत आला की सोंगट्या एकमेकींत घुसल्या, रेषेवर असला की टेकल्या, बाहेर असला की मधे फट. आता सोंगटीच्या जागी मोर आणि महिरप घ्या, जो आकार निघेल तो गोल नसेल, भलताच काहीतरी असेल, पण नियम तोच. याला नो फिट पॉलिगॉन म्हणतात. हे एकदा काढलं की प्रत्येक वेळी रेषेला रेष तपासत बसायला नको, एक बिंदू आत आहे की बाहेर एवढंच बघायचं.

राहिला क्रम. कुठला तुकडा आधी ठेवायचा आणि कुठल्या बाजूने फिरवून. बावीस तुकड्यांचे क्रमच होतात एकावर एकवीस शून्यांपेक्षा जास्त, त्यात फिरवणं धरलंच नाही, तेव्हा सगळे करून बघणं हा विषयच संपला. म्हणून ते चक्क स्थळं जुळवतं. बऱ्यापैकी दोन मांडण्या निवडायच्या, अर्धा क्रम हिच्याकडून अर्धा तिच्याकडून घेऊन नवीन मांडणी जन्माला घालायची, मधेच एखादी खोडी काढायची म्हणजे दोन तुकड्यांची अदलाबदल किंवा एखादा उलटा, आणि जे पोर जास्त घट्ट बसेल ते पुढच्या पिढीत. नाव पण जेनेटिक अल्गोरिदमच आहे. म्हणून ते कधी संपत नाही. झालं असं म्हणतच नाही. तुम्हीच कंटाळून थांबवायचं. पहिल्या दहा मिनिटांत ६१ वरून ६८ झाले, तासाभरात ७१, आणि ७१ वरून ७२ व्हायला पूर्ण रात्र. पण त्या ७२ ला माझे बावीसच्या बावीस तुकडे दोन शीटमध्ये होते. मोरसुद्धा, महिरपीच्या पोटात, पिसारा खांबाच्या बाकाला लावून.

आणि मग जिना. चार बाय चार टाकून परत चालवलं, चार तुकड्यांत काही केल्या बसेना, पाच लागले. ८० स्क्वेअर फुटांत ४६. साडेसत्तावन्न टक्के. तिसरी शीट आणावी लागली आणि तिचा उरलेला अर्धा, चार बाय चारचा अख्खा, आमच्या कपाटामागे वर्षभर उभा होता. त्याच्यामुळे कपाट पुढे आलं, कपाट पुढे आल्यामुळे पलंग, आणि पलंगामुळे दार पूर्ण उघडेना. प्लायचा भाव ५५ रुपये फूट, लालबागच्या जागेचा भाव किती ते सांगायला नको, आणि मी स्वस्तातली गोष्ट वाचवायला गेले होते आणि महागातली अडवून बसले होते.

गणपतीत बाबा आले. बाबा लोअर परळला एका गारमेंटच्या कारखान्यात कटिंग मास्टर होते, सदतीस वर्षं. आरती झाल्यावर माझ्या हातातलं मांडणीचं प्रिंटआउट त्यांनी मागून घेतलं, चष्मा कपाळावर करून जवळून बघितलं आणि म्हणाले, हे कोणी लावलं? कॉम्प्युटरने, म्हटलं. बरं लावलंय, म्हणाले, पण याला कामावर ठेवणार नाही मी.

का तर त्याने उरलेलं सगळीकडे पसरवलंय. इथे बोटभर, तिथे चार बोटं, या कोपऱ्यात तळहाताएवढं. त्यांच्याकडे कापडाच्या थराच्या वर कागद अंथरून त्यावर सगळे भाग आखतात त्याला मार्कर म्हणतात, आणि बाबा म्हणाले मार्कर लावताना मी टक्के नाही बघायचो, शेवट बघायचो. सगळं एका बाजूला दाबून घ्यायचं आणि टोकाला जे राहील ते एका तुकड्यात राहिलं पाहिजे, त्यातून लहान मुलाचा शर्ट निघतो. पसरलेल्या कापडातून पायपुसणं पण निघत नाही. माझे ७२ टक्के त्यांच्या लेखी काही नव्हते.

मला राग आला, मग सेटिंग उघडून बघितलं. डीपनेस्टमध्ये खरंच एक पर्याय आहे, मांडणी कशाच्या आधारे चांगली म्हणायची तो. एक ग्रॅव्हिटी, सगळं एका बाजूला ओढतं. दुसरा सगळ्याला वेढणारा चौकोन लहान करतो. तिसरा सगळं एकमेकांत आवळतो. मी तिसऱ्यावर चालवत होते कारण चित्र सुंदर दिसतं. ग्रॅव्हिटीवर टाकलं, एक शीट आठ बाय दोनच्या दोन पट्ट्यांची घेतली, कारण आठ बाय दोन जिन्यात तिरकी करून वळते हे आता मोजून पाहिलं होतं, आणि एक चार बाय चारच्या दोन तुकड्यांची. महिरप दोन अर्धांत केली, मधे खाचेचा सांधा. पुढच्या वर्षीची तीन मखरं अशी झाली, प्रत्येकाला दोन शीट, आणि प्रत्येकी एका पट्टीच्या टोकाला जवळजवळ दोन फूट बाय दोन फूट सलग उरलं.

बाबांचं सगळंच बरोबर असतं असं मात्र नाही. त्यांचं म्हणणं की तुकडे एकमेकांना चिकटव, मधे ही फट कशाला ठेवली आहेस. कात्रीला जाडी नसते बाबा, पात्याला असते. दादाच्या जिगसॉचं पातं आणि हाताचा हेलकावा मिळून मी चार एमएम धरते, ती फट म्हणजे भुसा आहे, ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. ते त्यांना पटलं नाही, दादाने समोर कापून दाखवल्यावर भुसा हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, लाकडाचं काम म्हणजे नुकसानीचाच धंदा.

पण उभ्या-आडव्या धाग्याचं त्यांनी विचारलं ते महत्त्वाचं निघालं. कापडाला जशी बाजू असते तशी प्लायलाही, वरच्या थराच्या रेघा ज्या दिशेने जातात त्या दिशेने तो ताठ, आडवा कापला तर लवतो, पातळ प्लाय तर फारच. पहिल्या वर्षी माझा एक खांब प्रोग्रामने आडवा टाकला होता आणि तोच एक खांब किंचित पोक काढून उभा होता, मला वाटत होतं खाच चुकली. फिरवायची मुभा चारऐवजी दोनच दिली, म्हणजे सरळ किंवा उलटं, की हे टळतं, पण मग मोरांनाही तीच शिस्त लागते, ज्यांना तिची काही गरज नाही. मी वापरते त्यात फिरवण्याचा आकडा सगळ्यांना एकच. तेव्हा मी काय करते, खांब आधी हाताने कडेला लावून टाकते आणि उरलेल्या जागेची शीट म्हणून त्याला देते. त्याला शीट चौकोनीच लागते असं नाही, वेडीवाकडी पण चालते, हे कळलं तेव्हा कपाटामागचा जुना तुकडासुद्धा कामाला आला.

या वर्षी दहा मखरांची ऑर्डर आहे. दहा म्हणजे दादाच्या हाताचं काम नाही, आणि चाळीच्या पॅसेजमध्ये तर नाहीच नाही, शेजारच्या काकूंच्या वाळवणावर गेल्या वर्षी भुसा बसला त्याचं अजून ऐकते आहे. म्हणून साकीनाक्याला एका गाळ्यात सीएनसीवाल्याकडे गेले. माझा सगळा अभ्यास घेऊन, ताठ मानेने. त्याने फाइल उघडली आणि विचारलं, मॅडम, तुमची शीट सहा फूट का आहे?

सहा फूट बाय तीन. सगळंच पाऊण झालं होतं. इंकस्केप हे रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर इंचाला ९६ ठिपके धरतं, आणि मी मांडणीच्या प्रोग्राममध्ये इंचाला ७२ चं सेटिंग तसंच ठेवलं होतं, मग जाता येता कुठेतरी ७२ चं ९६ म्हणून वाचलं गेलं. चूक माझी, आकडा समोर लिहिलेला असतो. त्याच्या लक्षात आलं नसतं तर माझी नऊ एमएमची खाच ६.७५ ची झाली असती आणि दहा मखरांतलं एकही उभं राहिलं नसतं. तेव्हापासून मी प्रत्येक फाइलमध्ये कोपऱ्यात शंभर एमएमचा एक चौकोन टाकते आणि कुठेही उघडलं की आधी तो मोजते.

अजून दोन गोष्टी त्याने शिकवल्या, फी न घेता. एक, माझे अर्धे तुकडे उघडे होते. म्हणजे डोळ्यांना बंद दिसतात पण रेषेचं शेवटचं टोक पहिल्याला जोडलेलं नाही, केसाएवढी फट, डीएक्सएफ, म्हणजे ऑटोकॅडमधून काढलेली ड्रॉइंगची फाइल, इकडून तिकडे नेताना हे होतं आणि प्रोग्रामला तो आकार वाटतच नाही, नुसती रेघ वाटते. वीस वर्षं ऑटोकॅड वापरून मला हे त्याच्याकडून ऐकावं लागलं. दुसरी म्हणजे त्याचा बिट, मशीनचं फिरून कापणारं पातं, सहा एमएमचा आणि गोल, तो आतल्या कोपऱ्यात काटकोन काढू शकत नाही, तीन एमएमची गोलाई राहते आणि चौकोनी तुकडा त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही. म्हणून कोपऱ्याला छोटे गोल कान काढायचे. दिसायला वाईट दिसतात ते. पण जोडल्यावर आत जातात. आणि प्लाय मोजून घ्या म्हणाला, नऊचा म्हणतात तो नऊचा नसतो. मोजला, ८.६ भरला.

मग दहा मखरांचं नेस्टिंग. एकेका मखराचं दोन शीटप्रमाणे वीस शीट होत होत्या. बाबा सांगायचे की एकाच मार्करमध्ये स्मॉल, मीडियम, लार्ज मिसळले की कापड वाचतं, मोठ्यांच्या मधल्या फटीत लहान जातात, म्हणून मी दहाही संच एकत्र टाकले. दोनशे वीस तुकडे, मधे आठ एमएमची फट, कडेने दहा एमएम सोडून. म्हाताऱ्या लॅपटॉपला दोन रात्री दिल्या. अठरा शीट. जवळजवळ ८० टक्के. दोन शीट वाचल्या, ३५२० रुपये. आता ते साठ हजारांचं घेतलं असतं आणि त्याने एवढंच वाचवलं असतं असं धरलं तर पैसे वसूल व्हायला सतरा गणपती लागले असते. हे अर्थात सरळ त्रैराशिक झालं, त्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणीशिवाय बिटचे मार्ग काढणं वगैरे बरंच काही असतं आणि ज्याचा रोजचा गाळा आहे त्याला ते सतरा महिन्यांतच काय, आधीही सुटेल. माझ्यासारखीला, जिचा कारखाना श्रावणात उघडतो आणि भाद्रपदात बंद होतो, तिला नाही सुटत. दादाला हा हिशोब सांगितला तर तो म्हणाला वाचलेल्या दोन शीटचे पैसे मला दे, कारण मिसळल्यामुळे आता अठरा शीटमधून दहा मखरांचे तुकडे वेचून गठ्ठे मलाच बांधायचेत. ते खरं आहे. एका शीटवर सात मोर आहेत आणि एकही कळस नाही.

फक्त एक झालं. गेल्या वर्षी ते दोन बाय दोनचे तुकडे उरले होते ना, त्यातल्या एकाचं शेजारच्या काकूंनी पाण्याच्या पिंपावर झाकण करून घेतलं. दादाने बावीस इंचाचा गोल कापून दिला, वर धरायला मूठ. वाळवणावरच्या भुशाची भरपाई समजा. ते झाकण आमच्या अख्ख्या मजल्याने बघितलं, पिंप प्रत्येकाकडे आहे, पाणी पहाटे येतं आणि दिवसभर झाकून ठेवायचं असतं. तर एकेक करून दहा जणींनी सांगून ठेवलं, तुमचं उरलंसुरलं असेल त्यातून हो, मुद्दाम नको.

उरलंसुरलं आता उरतच नाही, दाबून दाबून बसवलंय सगळं. म्हणून काल रात्री फाइलमध्ये बावीस इंचाचा गोल टाकला, नग दहा, शीट अठराच, आणि परत चालवलं. सकाळी उठून बघितलं तर महिरपींच्या पोटांत सात बसली होती. ती सात कोणाची ते अजून ठरवलेलं नाही, काकूंनी सकाळीच विचारलं, मी म्हटलं कॉम्प्युटर अजून लावतोय.